सासूचा महिना

"टोच," म्हणायची आणि बोट पुढं करायची.

जोहार नाही, राम राम नाही, बसू का नाही. आरोग्य उपकेंद्राच्या दारातून आत पाऊल पडलं की हिचं बोट थेट माझ्या नाकासमोर. चेहरा लालबुंद, मानेवरून घामाच्या धारा, पदराचा पत्ता नाही. आणि आवाज असा की रस्त्यानं जाणाऱ्यालाही ऐकू जावा. "टोच बाई, हिवताप आला मले! मी सांगतो ना, हिवतापच आहे!"

हसू नका. धानोऱ्याच्या पलीकडच्या आमच्या जंगलात माणूस तापला, घामानं भिजला आणि मागाहून कुडकुडला, की पहिला संशय हिवतापाचाच घ्यायचा असतो. मी टोचायचे. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून वाट बघायचे. दोन रेघा उमटल्या तर हिवताप. हिची मेली कायम एकच रेघ. तोवर ही बाई माझ्या थंड फरशीवर पाय पसरून बसलेली, अंग निवलेलं, माझ्याच माठातलं पाणी पिऊन मलाच नावं ठेवत असायची.

"तुही पट्टीच खराब आहे. गडचिरोलीवरून दुसरी मांग."

मी तिथं नर्स. मूळची आरमोरीची, तोंडानं फटकळ. नवी होते तेव्हा गावातल्या बायांना दटावून सरळ करीन अशी माझी समजूत होती. ती समजूत या बाईनं पहिल्याच वर्षी उतरवून ठेवली. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर असेल तिथून उठून येईल आणि "माहं नाव काऊन घेतलं?" म्हणून भांडेल. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मी मावशी म्हणायचे. घरात गोंडी बोलायची, माझ्याशी आमची झाडीची मराठी, जिच्यात बाईसुद्धा 'मी जातो' म्हणते, आणि भांडताना दोन्ही.

त्या गावात कुर्माघर होतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाईचा महिना आला की तिनं ते चार-पाच दिवस घरात राहायचं नाही, गावाच्या कडेच्या त्या झोपडीत जायचं. कुडाच्या भिंती, खिडकी नाही, वाकून शिरायचं दार. जेवण घरच्या बाईनं नेऊन बाहेर ठेवायचं. पुरुषानं जवळ फिरकायचं नाही, तिकडं बघायचंसुद्धा नाही. बायांनो, तिथं जाऊ नका, साप-विंचवाची जागा आहे, हे सांगत फिरणं माझ्या कामातलं एक काम होतं. आणि गावात सगळ्यांत हौसेनं जाणारी ही! गाठोडं काखेत मारून अशी निघायची की बघणाऱ्याला वाटावं, माहेरी चालली.

"मावशी, काय ठेवलंय त्या खोपटात?"

"घरी काय ठेवलं आहे? चूल, बुढा अन् ननद. तिथी तिघंही नाई. तू येऊन पाह्य एकदा, तुले बी निघू नाई वाटनार."

बुढा म्हणजे तिचा नवरा. दिवसात चार शब्द बोलेल तर शपथ. ननद म्हणजे त्याची विधवा बहीण, शेजारच्या घरात राहणारी, नजरेनं आणि जिभेनं तिखट. आणि या माणसांत आणखी एक, तिची सून. मुलगा कामाला तेलंगणात, सून घरी. ती जिवतीकडच्या डोंगरातली. तिच्या माहेरी महिना आला की ओसरीत वेगळं बसायचं, बस्स. नाजूक, अबोल पोर. सासऱ्याच्या सावलीलाही लाजायची.

तर गंमत अशी, की सुनेचा महिना आला की सासूचा आलाच. एक दिवस इकडं नाही, एक दिवस तिकडं नाही. दोघी मिळून कुर्म्यात. गावाला काय कौतुक! सासू-सुनेचं किती जुळतं बघा, महिनासुद्धा जुळतो. कौतुक नव्हतं ते एका ननदेला. कारण दोघी गेल्या की भावाला रांधून घालायचं आणि दोघींचा भात रानाच्या कडेपर्यंत वाहायचा, हे तिच्या गळ्यात पडायचं.

पाळी जायच्या वयात बायांना अशा वाफा येतात हे मला शिकवलेलं होतं. छातीतून गरमी उठते, मानेवर, तोंडावर चढते, घाम फुटतो, छाती धडधडते, आणि थोड्या वेळात सगळं ओसरून उलट थंडी वाजते. म्हणून एकदा विचारलंच.

"मावशी, महिना येतो ना नीट?"

अशी भडकली! "काऊन नाई येत? दर महिन्याले कुर्म्यात जातो, तुले दिसत नाई का? डोळे तपास आधी सोताचे!"

दिसत होतं ना. सगळ्या गावाला दिसत होतं. मी तो विचार सोडला आणि पुन्हा बोट टोचलं.

पॅडची पाकिटं मी कुर्माघरात स्वतः नेऊन द्यायचे. ही दोन्ही हात पुढं करायची. "सुनेचे दे, माहे बी दे. कमी काऊन देतं? मी मोठी बाई आहो." मी खूश. म्हातारपणाकडं झुकलेली बाई कापड सोडून पॅड वापरते, हे मी मोठ्या अभिमानानं वरच्या मॅडमना सांगितलंसुद्धा.

एका दुपारी अशीच पाकिटं घेऊन गेले. आत सून पोट दाबून कुशीवर निजलेली. शेजारी मावशी, पोलकं घामानं ओलंचिंब, हातात सूप. सुपाचा एक फटकारा सुनेला, एक स्वतःला. सुनेच्या डोक्याखाली उशी होती. त्या गावात उशी मी कोणाकडं पाहिली नव्हती, हात उशाला घेऊन झोपणारी माणसं ती. सहज चाचपली. मऊ. जरा जास्तच मऊ. शिवणीतून पांढरा कोपरा बाहेर आलेला, तो ओढला तर हातात अख्खं कोरं पॅड. त्याच्यामागं दुसरं. त्याच्यामागं तिसरं.

"मावशी!"

"वरडू नोको. पोट्टीचा आत्ताच डोळा लागला."

"हे काय आहे?"

"उशी."

"सरकारनं हे उशा भरायला दिलेत?"

"मंग काय फेकून देऊ? मले लागतच नाई तं..." आणि बाईनं जीभ चावली.

मी तिच्याकडं बघितलं, तिनं छपराकडं. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "दोन पावसाळे झाले बंद होऊन. आता बोंब मारत जाजो नोको गावभर."

आधी तिनं मला गंडवायचा प्रयत्न केला. म्हणे आराम होतो, ननदेच्या हातचं आयतं खायला मिळतं, बुढ्याचं घोरणं ऐकावं लागत नाही. मी हटले नाही. तेव्हा तिनं झोपलेल्या सुनेच्या केसातून बोटं फिरवत खरं सांगितलं. लग्नानंतर सून पहिल्यांदा इथं आली, तेव्हा गावात दुसऱ्या कोणाचाच महिना नव्हता. एकटीच होती. सकाळी ही भात घेऊन आली तर पोर दारात उकिडवी बसलेली, हातात लाकूड, डोळे सताड उघडे. आख्खी रात्र तशीच काढली होती. आठ दिवस तोंडातून शब्द नाही.

"तवापासून माहा महिना पुन्हा चालू झाला," मावशी म्हणाली आणि खुदकन हसली.

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी चिडते. म्हटलं, "मग हे खोपटच बंद करू ना! मी इतकी घसा फोडून सांगते, तुम्ही बाया ऐकता का?"

"कर ना. मी नाई म्हनतो का? तू बंद कर, पयली मी नाचन. पन तुह्यानं बंद होतवरी पोट्टी एकटी काऊन राहीन?"

मी हातातली पाकिटं खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बसले.

मग तिनं खरी अडचण सांगितली. अंगातली आग तिला सोसत होती, पण ती चारचौघींत दिसत होती. म्हाताऱ्या बायांना ही आग ओळखू येते, त्यांनी स्वतः भोगलेली असते. ननद तर टपूनच होती. एकदा का तिला कळलं की महिना बंद झालाय, की झालंच. तू आता घरी रांध म्हणायचे, आणि सून खोपटात एकटी. म्हणून आग चढली की ही बाई बोट उगारून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडत, माझ्याकडं पळत यायची. लोकांना वाटावं हिवताप!

मी कपाळाला हात लावला. इतके दिवस मी इलाज करत नव्हते, नाटकात काम करत होते.

"थे जाऊ दे," मावशी म्हणाली. "आता इलाज सांग. आग मरो का राहो, दिसली नाई पाह्यजे."

आधी तिला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी बीपी, साखर, थायरॉइड सगळं तपासायला लावलं, कारण नुसत्या घामावरून वयाला दोष देऊन मोकळं व्हायचं नसतं. सगळं ठीक निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा रोग नाही, शरीर बदलतंय, काहींना दोन-चार वर्षं, काहींना जास्त त्रास होतो. अगदीच सहन होईना तर गोळ्या आहेत, पण त्या तपासून, आमच्या सल्ल्यानं. आणि बजावून सांगितलं, "एकदा वर्षभर बंद झाल्यावर पुन्हा अंगावर गेलं, तर घरी बसायचं नाही. लगेच इथं यायचं."

मावशीनं गंभीर तोंड करून विचारलं, "अन् खोटं खोटं गेलं तं?"

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

परत येताना बसमध्ये मी धडा सुरू केला. कशानं आग चढते ते आधी हेर. खर्रा बंद, तंबाखूनं वाढते. मोहाची दारू बंद. उकळता लाल चहा नको, तिखटजाळ नको. नायलॉनची साडी नको, सुती घाल, सैल घाल. आग चढायला लागली की धावपळ करायची नाही, नाकानं सावकाश, पोटापर्यंत श्वास घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. ती ऐकत होती, एकेक बोट दुमडत मोजत होती.

"खर्रा सोड, मोहाची सोड, चहा सोड, मिरची सोड," ती शेवटी म्हणाली. "बुढ्याले सोडाचं का, थेही एकडाव सांगून टाक."

अख्खी बस हसली. तिनं मागं वळून सगळ्यांना दटावलं.

पण केलं बाईनं. तिच्या तऱ्हेनं केलं. मोहाची सोडली. खर्रा सोडला म्हणाली आणि माझ्यासमोर खाणं तेवढं सोडलं. मी पकडलं की म्हणायची, "हा खर्रा नोहोय, याची आठवन आहे." नायलॉनची साडी ननदेला देऊन टाकली, वरून उपकार केल्याचं तोंड केलं. आंबील न्यायचा वाळल्या भोपळ्याचा तुंबा असतो ना आमच्याकडं, त्यात थंड पाणी भरून तो पदराखाली मानेशी धरून फिरायची. विचारलं तर म्हणायची, तहान लागते. श्वासाचं मात्र फसलं. चार बायांत बसून डोळे मिटून फोंऽऽ करून श्वास सोडला तर बाया घाबरून लांब सरकल्या, हिच्या अंगात काही शिरलं म्हणून. मग तिनं तो आवाज न करता घ्यायचं शिकून घेतलं. वाफा थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या, आणि एखादी आली तरी तोंडावर दिसेनाशी झाली. ती दोन वेळा जिंकल्यासारखी माझ्याकडं बघून डोळा मारून गेली.

मग थंडीतली ती सकाळ आली. सणाची बैठक होती, झाडाखाली सगळं गाव. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बाया, आणि थंडी अशी की माणसं घोंगड्या सोडेनात. मी गोळ्या वाटायला गेले होते. नेमका तुंबा त्या दिवशी घरी राहिला. माझ्या डोळ्यांदेखत तिची मान लाल झाली, मग गाल, मग कपाळावर घाम. तिनं श्वास सावकाश घेतला, पुन्हा घेतला. काही उपयोग होईना. शेवटी पदर मागं टाकला.

ननद याचीच वाट बघत होती. "काऊन वो वैनी? सारं गाव काकडून राह्यलं, अन् तुले घाम?"

"हिवताप आहे मले."

"असं का? मंग बाई हाये ना इथीच. टोचा वो बाई, सगळ्यायच्या समोर टोचा."

काय करणार? टोचलं. सगळं गाव माझ्या हातातल्या पट्टीकडं टक लावून. त्या गावात लहान पोरालाही माहीत असतं, दोन रेघा म्हणजे ताप. रेघ आली एक. मी तोंड उघडलं, पट्टी खराब आहे असं सांगणार होते. सून बायांच्या मागं बसली होती, तिचा चेहरा पांढराफटक. मावशीनं तिच्याकडं पाहिलं आणि उभी राहिली.

"माहा महिना बंद झाला," ती म्हणाली. "दोन पावसाळे झाले. हे त्याचीच आग आहे. हिवताप-गिवताप काई नाई."

"म्हणजे इतके दिस तू फुकटची..." ननद ओरडली.

"हाव. फुकटची गेली कुर्म्यात. अन् पुढंही जाईन. पोट्टीले मी एकटी नाई ठेवनार."

एकच गलका झाला. ही काय रीत झाली का, असं कसं चालेल. मावशीनं कंबरेवर हात ठेवले. "रीत काय म्हन्ते? जिचा महिना आहे, तिनं घरी राहू नये. बरोबर? मंग जिचा नाई तिनं तिथी जाऊ नये, असं कुठी सांगतलं आहे? दाखवा मले!"

सगळ्यांनी गावच्या पुजाऱ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं तोंडातला खर्रा एका गालात सरकवला. शेजारच्याला विचारलं, त्यानं पुढच्याला विचारलं. पंचाईत खरी होती. असं आजवर कोणी केलंच नव्हतं, त्यामुळं मनाई करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. शेवटी पुजारी थुंकून म्हणाला, "जा मंग. पन घरात याच्या आंधी आंघोळ करजो."

"दोनदा करीन ना! आंग तं तसंही पेटूनच राह्यते!"

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पुरुषांनी कुठं बघावं ते त्यांना समजेना. तिचा नवरा काडीनं जमिनीवर रेघा ओढत होता, त्यानं मान वर केली नाही.

त्या दिवसापासून ती मोकळी झाली, आणि माझी डोकेदुखी वाढली. आता आग चढली की लपवणं दूरच, जाहीर करायची. "सरका, सरका, आली माही मोटार!" चारचौघींत पोलक्याची वरची दोन बटणं सोडून सूप हलवत बसायची. मग बाकीच्या बायांचीही तोंडं उघडली. कोणाला झोप लागत नव्हती, कोणाला उगीच रडू यायचं, कोणी अंगातली गरमी म्हणून दोन वर्षं झाडपाला खात होती. एकेक जण मुकाट माझ्याकडं यायला लागली. मी भाषणं देऊन जे झालं नव्हतं, ते या बाईच्या दोन बटणांनी झालं. आणि सून? ती कुर्म्यात सासूच्या गोष्टी ऐकून इतकी हसायची की बाहेर भात ठेवायला आलेली ननद तणतणत परत जायची.

मावशी गेल्या पावसाळ्यात गेली. सापानं नाही, हिवतापानं नाही. शेतावरून आली, जराशी पडते म्हणाली, आणि उठलीच नाही. मी खूप रडले. गावात इतकी माणसं मेलेली पाहिली, पण असं घरचं कोणी गेल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

काही दिवसांनी कळलं, सून कुर्म्यात गेली. गावात त्या वेळी दुसऱ्या कोणाचा महिना नव्हता. हातातलं काम टाकून मी निघाले. वाटेवर, झोपडी जिथून दिसायला लागते त्याच्या अलीकडं, बुढा बसला होता. झोपडीकडं पाठ, तोंड गावाकडं, कुऱ्हाड मांडीशी. पुरुषानं तिकडं बघायचं नाही, म्हणून पाठ करून.

"भाऊ, इथं काय करता?"

"बसलो."

तेवढ्यात समजलं मला. तरी विचारलं, "मावशीचं ते... तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हिवाळ्यात आंगनात बिना पांघरुनाची निजे," तो म्हणाला. "बाजूच्याले समजत नाई का?"

"मग बोलला का नाही कधी?"

"बोललो असतो तं थे घरी राह्यली असती. पोट्टीजोळ कोन गेलं असतं? मले तं जाता येत नाई."

इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मग तो जोरात खाकरला, घसा साफ असताना खाकरला, आणि म्हणाला, "तुमाले आत जाता येते. पोट्टीले सांगून द्या, मी आहो इथी."

मी वाकून आत गेले. सून भिंतीला टेकून बसली होती. म्हटलं, "अगं, मामाजी बाहेर बसलेत वाटेवर."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सकाळपासून खाकरून राह्यले. मले झोपू बी देत नाई."

ती हसली, मी हसले, आणि मग दोघींनाही रडू आवरेना. बाहेर तो पुन्हा खाकरला.